चुंबकाला न शिवणारं चाक

धुरीवाडा, मालवण
१२ फेब्रुवारी २०२५

दादा,

तुमच्या जहाजावरच्या मेलमधून फोटो जात नाहीत, आवाज जात नाही, फक्त अक्षरं जातात म्हणे. म्हणजे तुला जुन्या माणसांसारखं पत्रच लिहायला हवं. घे, लिहिते. कंटाळा आला तर समुद्रात टाक.

काल भाई आले होते. आबांचे हे दोस्त बोलायला बसले की भरती येऊन ओहोटी लागते, तुला माहीतच आहे. मेच्या पहिल्या रविवारी वेंगुर्ल्याच्या बंदरात इंजिनाच्या होड्यांची शर्यत आहे. गेल्या वर्षी भाईंची होडी अर्ध्या वाटेत ठसकायला लागली आणि गोव्याच्या होड्या शिट्ट्या मारत पुढे निघून गेल्या. ते दुःख अजून ताजं आहे. आबांना म्हणाले, "परशुराम, माका ठसकणारा इंजिन नको. गर्जणारा होया." आबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "इंजिन ती बघता. तिका सांग."

दादा, वर्कशॉपमध्ये चार माणसं उभी होती आणि आबा असं म्हणाले. मी पाना पुसायचं निमित्त करून तोंड फिरवलं.

इंजिन तेच, गाडीतून काढलेलं चार सिलिंडरचं पेट्रोलचं. हेड मी घासून घेतलं, दोन मोठे कार्बोरेटर चढवले. आता ते मिनिटाला सात हजार फेऱ्यांपर्यंत पळायला तयार आहे, पण स्पार्क पळत नाही. स्पार्क वाटून देणाऱ्या डिस्ट्रीब्युटरचा दांडा झिजून हलतो, आणि पाच हजाराच्या वर आतले पॉइंट नाचायला लागतात. स्पार्क कधी लवकर पडतो, कधी उशिरा, कधी पडतच नाही. भाईंचं ठसकणं ते हेच.

म्हणून डिस्ट्रीब्युटर काढून टाकायचा ठरवलाय. क्रँकच्या दांड्याच्या नाकावर दातेरी चाक बसवायचं, त्यातला एक दात मुद्दाम गाळायचा. समोर सेन्सर ठेवायचा. तो दात मोजतो, गाळलेल्या जागेवरून पहिला पिस्टन कुठे आहे ते इलेक्ट्रॉनिक डब्याला सांगतो, आणि डबा बरोबर वेळेला स्पार्क सोडतो. डबा कोईमतूरहून आलाय. सेन्सर कुठल्या जातीचा घ्यायचा आणि चाक कसं करायचं, हे माझ्यावर आहे.

यात माझा स्वार्थही आहे. आपल्या वर्कशॉपमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक शाफ्टवर आबांचा 'प' ठोकलेला असतो. मी केलेल्या कामावरही. मी परवा विचारलं, "आबानू, माझो ठसो कधी?" ते म्हणाले, "ज्या दिवशी तू सोताच्या डोक्यान ठरवतलंस, सोताच्या हातान करतलंस आणि ता समुद्रात टिकतला, त्या दिवशी." मग हेच ते काम. मला माझा 'भ' हवाय.

तू तिकडे तीन मजली इंजिन सांभाळतोस. जरा या छोट्याकडे बघ आणि सल्ला दे.

तुझी भक्ती


जहाजावरून, मोंबासाच्या वाटेवर
१९ फेब्रुवारी २०२५

गो भक्ती,

पत्र समुद्रात टाकलं नाही. आमच्या चीफसाहेबांना वाचून दाखवलं, भाषांतर करत करत. ते केरळचे. म्हणाले, तुझी बहीण आमच्याकडे का येत नाही? मी म्हटलं, तिला समुद्र आवडतो, पण संध्याकाळी घरी जाऊन सोलकढी प्यायची असते.

आता थर्ड इंजिनियरचा सल्ला ऐक. प्रकाशाच्या डोळ्याचा सेन्सर विसर. तेलाची वाफ आणि खारट ओल त्याच्यावर बसली की त्याला मोतीबिंदू झालाच. उरले दोन. एक साधा चुंबक आणि तारेचं वेटोळं असलेला. त्याला बाहेरून वीज लागत नाही, आत बिघडण्यासारखं काही नाही. दुसरा हॉल सेन्सर. तो हुशार, पण नाजूक. आत इलेक्ट्रॉनिक्स, त्याला वीज द्यायची, ती शुद्ध हवी. मी तुझ्या जागी असतो तर डोळे मिटून वेटोळं घेतलं असतं. आमच्या जहाजावर ते वर्षानुवर्षं चाललंय.

आणि ठसा वगैरे सोड. आबांना मदतीला घे. त्यांच्या हाताची सफाई तुला यायला अजून वेळ आहे, रागावू नकोस.

आईला सांग, इथला मासा बर्फात झोपूनच येतो.

विनीत


धुरीवाडा, मालवण
६ मार्च २०२५

दादा,

तुझा सल्ला डोळे उघडे ठेवून वाचला आणि बाजूला ठेवला.

वेटोळं चांगलंच आहे, पण चाक हळू फिरत असेल तर त्यातून येणारी वीज जेमतेम असते. तुमच्या जहाजावर इंजिन चालू करायला दाबलेली हवा असते. भाईंच्या होडीत बॅटरी असते, आणि ती भाईंसारखीच सकाळी उशिरा उठते. स्टार्टर कण्हत कण्हत फिरणार, वेटोळं कुजबुजणार, डब्याला ऐकू जाणार नाही. हॉल सेन्सरला दात हळू गेला काय आणि धावत गेला काय, तो सारखाच ठणठणीत ओरडतो. मी हॉल घेतलाय. जोडावर राळ ओतून तो बंद केलाय, वीज डब्यातूनच घेतलीय. नाजूक आहे तर नाजूक. मी आहे की बघायला.

आता गंमत ऐक. चाक मी करणार होते. कागदावर आखून घेतलं होतं, छत्तीस दातांच्या जागा आणि त्यातला एक गाळलेला. आबा मागे येऊन उभे राहिले, बराच वेळ बघत. मग म्हणाले, "ह्या माज्यावर सोड. समुद्रातला काम आसा." आणि आतून ती जाड स्टेनलेसची पाटी काढली. वेंगुर्ल्याच्या ट्रॉलरच्या कामातून उरलेली, इतकी वर्षं कुणालाही हात लावू दिला नव्हता ती.

आबांचं स्टेनलेस म्हणजे काय, तुला सांगायला नको. घराची कडी स्टेनलेस, कपड्यांच्या दोरीची आकडी स्टेनलेस, आईचा पाण्याचा बंब स्टेनलेस. खाऱ्या वाऱ्यात लोखंड म्हणजे नासकं दूध, हे मी बाराखडीच्या आधी शिकले. आंगणेवाडीची जत्रासुद्धा त्यांनी यंदा उभ्या उभ्या केली, देवीला नमस्कार आणि लगेच लेथवर.

आणि दादा, काय चाक झालंय! दात असे की बोट फिरवलं तर सरगम वाजेल. घासून आरशासारखं केलंय, आईने त्यात बघून कुंकू लावलं. रोज येईल त्याला आबा दाखवतात. खिशातून लोहचुंबक काढतात, चाकाला लावतात, सोडतात. चुंबक खाली पडतं. "बघ, धरता काय? धरना नाय! अस्सल माल." मंगेश पोस्टमनसुद्धा चुंबक पाडून गेला. मीही टाळ्या वाजवल्या.

मग आबांनी चाकावर 'प' ठोकला. सवयीने. खोटं कशाला, थोडं लागलं. पण इतकं देखणं काम आणि माझ्या इंजिनासाठी, या आनंदात ते लागणं बुडालं. शिमगा झाला की इंजिन चालू करून बघणार.

भक्ती


जहाजावरून, डर्बन बंदर
१५ मार्च २०२५

भक्ते,

शाब्बास! हॉल सेन्सरबद्दल तुझं म्हणणं पटलं. चीफसाहेबांनाही पटलं, त्यामुळे मला पटवून घ्यावंच लागलं.

आबांचं चाक मला डोळ्यांपुढे दिसलं. इथे मेसमध्ये सगळ्यांना सांगितलं की माझ्या वडिलांनी हाताने असं चाक केलंय, चुंबक धरत नाही असलं. स्टेनलेस केलं ते उत्तमच. मी घरी असतो तर मीच सुचवलं असतं. मालवणच्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

'प' ठोकला म्हणून रुसू नकोस. 'भ' ला पुढे दिवस आहेत. इंजिन गर्जलं की लगेच लिही, मी इथून ऐकायचा प्रयत्न करतो.

विनीत


धुरीवाडा, मालवण
२ एप्रिल २०२५

दादा,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं. स्टार्टर फिरतो, चाक फिरतं, स्पार्क नाही. एकदाही नाही.

मी आधी स्वतःवर संशय घेतला. तारा उपसून पुन्हा जोडल्या. सेन्सर आणि चाक यांच्यातलं अंतर कमी केलं, आणखी कमी केलं. नवीन सेन्सर मागवला. तो कुडाळच्या बसने आला, तोही मुका. डब्यावर संशय घेतला, कोईमतूरच्या माणसाला फोन करून भंडावून सोडलं. आबा रोज विचारायचे, "काय गो?" मी म्हणायचे, "वायरीत काय तरी आसा, आबानू."

काल दुपारी आबा जेवायला गेले होते. सेन्सरला एक छोटा दिवा जोडून मी बाकावर बसले होते. दात समोरून गेला की दिवा लागायला हवा. चाक हाताने फिरवत होते, दिवा ढिम्म. वैतागून पाना उचलला, तो सेन्सरच्या तोंडासमोरून गेला आणि दिवा लागला. मी पाना परत नेला. पुन्हा लागला. चाक नेलं. काही नाही. पाना. लागला. चाक. काही नाही.

कळलं ना तुला? हॉल सेन्सरच्या पोटात चुंबक असतं. समोरून लोखंड गेलं की त्याला जाणवतं. आबांचं अस्सल स्टेनलेस चुंबकाला शिवत नाही, म्हणून सेन्सरला ते दिसतच नाही. हे मला ठाऊक होतं. तुला ठाऊक होतं. महिनाभर आबा अख्ख्या धुरीवाड्याला चुंबक पाडून दाखवत होते आणि आपण दोघं शिकलेली मुलं शाब्बास शाब्बास करत होतो! जिथे लोखंड चार पावसाळ्यांत भुसा होतं तिथे वाढलो आपण. लोखंडाचं चाक हवं, हे आपल्याला सुचणार कसं?

मी पाना खाली ठेवला आणि बसून राहिले. रडू आलं, सांगून टाकते. चाक वाया गेलं म्हणून नाही. आबांना कसं सांगू म्हणून. त्यांनी ते आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम म्हणून केलंय.

तू सांग काय करू.

भक्ती


जहाजावरून
५ एप्रिल २०२५

भक्ती,

पत्र वाचून माझेच कान लाल झाले. मेसमध्ये अजून चाकाचं कौतुक चालू आहे, आता मी कुणाला काही सांगत नाही.

ऐक. आबांना सांगू नकोस. या वयात त्यांना हे कशाला? तू गुपचूप लोखंडाचं चाक काप, त्याला चंदेरी रंग मार आणि बसव. पुढे पत्र्याचं झाकण लाव. कोण उघडून बघणार आहे? सेन्सर खराब होता, बदलला, असं सांग. आबा खूश, भाई खूश, इंजिन खूश. मी मोठा भाऊ म्हणून सांगतो, हेच कर.

विनीत


धुरीवाडा, मालवण
१७ एप्रिल २०२५

दादा,

मोठा भाऊ म्हणून सांगितलंस म्हणून शिव्या कमी घालते.

चार-पाच दिवस मी तुझं ऐकायच्या बेतात होते. रंगाचा डबासुद्धा आणला. मग विचार आला की उद्या कधी माझा ठसा मिळाला तर तो कशावर ठोकू? रंगवलेल्या खोट्या चाकावर? आणि आबांना फसवायचं, ज्यांनी मला पहिल्यांदा कानस धरायला शिकवली त्यांना?

गेले त्यांच्यासमोर. लेथ बंद केला. म्हटलं, "आबानू, तुमचा चाक ह्या इंजिनाक चलना नाय. सेन्सराक ता दिसना नाय. लोखंडाचा होया होता. चूक माझी, मी आदी सांगूक होया होता." दिवा लावून दाखवला, पाना आणि चाक. त्यांनी दोन्ही बघितलं. "बरा," म्हणाले, चप्पल घातली आणि किनाऱ्याकडे चालू लागले. आईने केलेला चहा तसाच राहिला.

त्यानंतर माझ्याशी कामापुरतं बोलतात. दुपारी मागच्या खोलीचं दार लावून काहीतरी कानसत बसतात. काय करताय विचारलं, तर "तुझा तू बघ." मग मी माझं बघितलं. मसुऱ्याच्या सत्यवानने शेताच्या फाटकासाठी जाड लोखंडी पाटी आणली होती, तिचा उरलेला तुकडा त्याच्याकडून आणला. वर्तुळ लेथवर काढलं, दात हॅकसॉने कापले, कानशीने एकसारखे केले. आबांचं चाक समोर ठेवलं होतं नमुन्याला. त्यांच्या दातांइतके माझे दात देखणे नाहीत. मोजमाप मात्र बरोबर आहे, तीनदा तपासलं.

काल बसवलं. स्टार्टर मारला. दादा, पहिल्याच फेरीत पेटलं! थ्रॉटल उघडला तसं चढत गेलं, चार हजार, पाच, सहा, सात, मध्ये एक ठसका नाही. शेजारच्या राधाबाई ओरडत आल्या की विमान पडलं काय. मी इंजिनाला मिठी मारायची तेवढी राहिली, तापलेलं होतं म्हणून.

आबा घरात जेवत होते. बाहेर आले नाहीत. आईने सांगितलं की घास हातातच राहिला आणि इंजिन बंद होईपर्यंत त्यांनी तो तोंडात घातला नाही. इतकंच. आता मला ठसाबिसा काही नको. ते पूर्वीसारखं "काय गो?" म्हणाले तरी पुरे.

भक्ती


जहाजावरून
२८ एप्रिल २०२५

भक्ती,

माझा सल्ला चुकला. हे लिहायला मला अर्धं कालवण थंड करावं लागलं. तू त्यांच्या तोंडावर सांगितलंस, मला जमलं नसतं. मी घर सोडून समुद्रावर येतानासुद्धा आबांना आईकडूनच कळवलं होतं.

मेसमध्ये आज सगळं खरं सांगितलं. चीफसाहेब हसले, मग म्हणाले, लोखंडाचं चाक करणाऱ्या मुलीचं नाव काय? मी दोनदा सांगितलं, नीट ऐकू जावं म्हणून.

रविवारी आमचं जहाज भर समुद्रात असेल. मी घड्याळाकडे बघत बसेन.

विनीत


मालवण
६ मे २०२५

चि. विनीत,

हा मजकूर मी, तुझा बाप, एका बोटाने फोनवर टाइप करतोय. दिव्याने, भाईच्या नातीने, पत्ता घालून दिला. भक्ती तुला शर्यतीचं लिहीलच, पण ती पोरगी स्वतःबद्दलचं गाळून लिहिते. म्हणून हे मी लिहितो.

आपली होडी दुसरी आली. गोव्याची पहिली. भाई शेवटच्या वळणावर जेटीवरच्या ओळखीच्या माणसाला हात दाखवत होता, त्याला इंजिन तरी काय करणार? पण जाऊन येऊन सगळ्या पल्ल्यात इंजिन एकदाही ठसकलं नाही. मी जेटीच्या टोकाला डोळे मिटून उभा होतो. मला होडी बघायची नव्हती, ऐकायची होती. असा आवाज मी माझ्या हातच्या एकाही इंजिनाचा ऐकलेला नाही. शर्यत संपल्यावर पहिला आलेला गोव्याचा माणूस आमच्या होडीत वाकून विचारत होता, हे दातेरी चाक कुठून आणलं?

आता दुसरी गोष्ट. चाकाचं मला भक्तीने सांगायच्या आधीच कळलं होतं. त्या दुपारी मी जेवून लवकर परतलो होतो. खिडकीतून बघितलं, ती पाना धरते, दिवा लागतो, माझं चाक धरते, दिवा लागत नाही. चुंबक माझ्या खिशातच होतं. सगळं तिथेच कळलं. चुंबक धरत नाही म्हणून ज्याला त्याला सांगत होतो, ती सगळी तोंडं आठवली. मग ती रडायला लागली, तेव्हा मी मागच्या मागे फिरलो.

मला चाकाचं दुःख झालं, नाही कशाला म्हणू? पण मोठी धास्ती वेगळी होती. ही पोर मला सांगते की मला सांभाळून घेते? रंगाचा डबा आणलेला मी बघितला होता. मी वाट बघत राहिलो. आपला बाप आता खरं ऐकण्याच्या लायकीचा राहिला नाही असं तिला वाटलं असतं, तर मी वर्कशॉपला कुलूप घातलं असतं.

ती आली आणि समोर उभी राहून म्हणाली, तुमचा चाक चलना नाय. मी "बरा" म्हणून बाहेर गेलो, कारण डोळे भरले होते आणि ते तिला दाखवायचे नव्हते. किनाऱ्यावर बसून मी भाईला सांगितलं, "माझ्या चेडवान, माझ्या पोरीन, आज माका तोंडार सांगल्यान." भाई घाबरला. म्हणाला, "भांडान झाला काय?" मी म्हटलं, "नाय रे. माका गर्व वाटता."

मागच्या खोलीत दार लावून मी तिचा ठसा करत होतो. 'भ' ला वळण फार, कानशीला जागा मिळत नाही, दोन बिघडले. म्हणून इतके दिवस लागले आणि तोपर्यंत मला तिच्याशी नीट बोलता येईना, बोललो असतो तर सांगून टाकलं असतं.

रविवारी होडी किनाऱ्याला लागली, इंजिन निवलं, तेव्हा चाक उतरवून वाळूवर फळीवर ठेवलं. ठसा तिच्या हातात दिला. ती म्हणाली, "आबानू, चाक तुमच्यासारख्या देखणा नाय." मी म्हटलं, "माझा देखणा आसा, तुझा चलता. ठोक." तिने हातोडी मारली. 'भ' जरा तिरका उमटला. भाईने फटाक्यांची माळ आणली होती, ती त्याने हरल्याची आठवण न ठेवता लावली.

माझं स्टेनलेसचं चाक तुझ्या आईने देवापुढे ठेवलंय, त्याच्यावर समई बसते. 'प' वरच्या अंगाला आहे.

लोखंडाचं चाक मात्र गंजणार. जन्मभर मी लोखंडाला दारात उभं केलं नाही, आणि आता संध्याकाळी भाईची होडी आली की मी ग्रीसचा डबा घेऊन खाली जातो. दात एकेक करून पुसतो, मग त्या अक्षरावरून बोट फिरवतो आणि ग्रीस लावतो. भक्ती म्हणते मी करते, पण मी तिला करू देत नाही.

तुझे आबा